गटातलं गटातच

महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, तीन नवे संस्थाप्रमुख एका नाचाच्या क्लासच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडून बसत. खोली फुकट मिळायची, म्हणून ती. तिच्या एका भिंतीला खालपासून वरपर्यंत आरसा होता. त्यामुळे दुसऱ्याचं दुःख ऐकताना आपण कसे दिसतो हे प्रत्येकाला आयतंच बघायला मिळायचं, आणि ते काही फारसं देखणं नसायचं.

तिघं एकमेकांना कामावरूनच हाक मारत. घरी अंथरुणाला खिळलेल्यांना खाटा, चाकाच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या वापरायला देणाऱ्या संस्थेची प्रमुख, ती खाटवाली. गाडी घेऊन शाळाशाळांत जायचं, मुलांचे डोळे तपासायचे आणि चष्मे द्यायचे, हे काम करणाऱ्या संस्थेचा प्रमुख, तो चष्मेवाला. तिसरी कुत्रेवाली. तिचं काम सांगायला नको, तिच्या कपड्यांवर चिकटलेले केसच ते सांगायचे. तिघांनाही खुर्चीवर बसून वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि तिघांचीही झोप उडालेली होती.

त्यांना सांभाळायला कोचबाई होत्या. एका मोठ्या कंपनीत माणसं घेण्यात आणि काढण्यात उभा जन्म घालवून त्या निवृत्त झाल्या होत्या. आता नव्या प्रमुखांना फुकट शिकवत. त्यांचे नियम दोनच. ज्याची पाळी असेल त्याला बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला नाही, ‘माझ्याकडेही अगदी असंच झालं होतं’ नाही, आणि ‘अरेरे’ तर मुळीच नाही. दुसरा नियम, गटातलं गटातच. बाहेर त्याबद्दल बोलायचा हक्क फक्त ज्याची गोष्ट असेल त्याला.

कुत्रेवालीला पहिला नियम कधीच जमला नाही. “तू त्या खजिनदाराला सरळ हाकलत का नाहीस?” असं ती विचारायची, आणि कोचबाई म्हणायच्या, “हा सल्ला झाला.”

“शेवटी प्रश्नचिन्ह आहे की,” कुत्रेवाली म्हणायची.

खाटवालीला मात्र तो नियम असा काही अंगवळणी पडला की घरचे कावले. नवऱ्याने विचारलं, “जेवायला काय आहे?” तर ही म्हणे, “तुला काय असावंसं वाटतं?”

“जेवण असावंसं वाटतं,” नवरा म्हणाला.

सासूबाईंनी तर जाहीरच करून टाकलं की सून संस्थेची प्रमुख झाल्यापासून तिला साधं हो-नाही म्हणता येईनासं झालंय. पण गटात तिचं कौतुक व्हायचं. तिने काही विचारलं की समोरचा गप्प व्हायचा, आणि कोचबाई डोळे मिटून मान हलवायच्या. खाटवालीला ते आवडायला लागलं होतं. कौतुक कुणाला नको असतं?

एका शनिवारी चष्मेवाल्याची पाळी होती. तो पाय पुढे-मागे करत बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग एकदम म्हणाला, “आमच्याकडे एक बाई आहेत. उपप्रमुख. ड्रायव्हर त्यांना कॅप्टन म्हणतात.”

मग तो कॅप्टनबद्दलच बोलत राहिला. कुठल्या शाळेचं फाटक अरुंद आहे, कुठल्या मुख्याध्यापकांना सकाळी फोन केलेला चालत नाही, कुठलं पोर चष्मा लावायला लाजतं आणि त्याला काय म्हटलं की लावतं, हे सगळं कॅप्टनला माहीत. मीटिंगमध्ये तो काही बोलला की लोक आधी कॅप्टनच्या तोंडाकडे बघत आणि मग मान डोलावत. देणगीदार आले की “कॅप्टन कुठे आहेत?”

“त्यांची काही चूक नाहीये,” तो म्हणाला. “एक चूक दाखवता येणार नाही मला. उलट मलाच सांभाळून घेतात. पण मी माझ्या केबिनमध्ये बसलो ना, की मला पाहुणा आल्यासारखं वाटतं. त्यांच्यापुढे मी एवढासा होतो. लाज वाटते सांगायला.”

खाटवाली ऐकत होती, पण तिचं अर्धं चित्त आपल्या गोदामात होतं. तिथे परत आलेल्या खाटा कुणी पुसत नव्हतं, फोन वाजून वाजून बंद पडत होते, आणि तिच्या हाताखाली एकही माणूस असा नव्हता की ज्याच्यावर भार टाकून ती एक दिवस ताप आला म्हणून घरी पडू शकेल. चष्मेवाला बोलत गेला तसतशी तिला ती न पाहिलेली बाई आपल्या गोदामात उभी दिसायला लागली. हातात पेन, कपाळावर आठी, आणि सगळं जागच्या जागी.

“तुझा प्रश्न?” कोचबाईंनी विचारलं.

खाटवालीने विचारलं, “त्या तिथे असेपर्यंत तू कधी प्रमुख होशील का?”

चष्मेवाला आरशात बघत राहिला.

“सुंदर प्रश्न,” कोचबाई म्हणाल्या.

कुत्रेवालीने फक्त खाटवालीकडे वळून बघितलं. ज्या बाईला दर वेळी सल्ला दिला म्हणून बोलणी बसत, तिला प्रश्नाच्या पोटातला सल्ला बरोबर ओळखू आला असणार. खाटवालीने आपली पिशवी उगाचच या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

पुढच्या महिन्यात चष्मेवाला आला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. “मोकळं केलं त्यांना,” तो म्हणाला. “रचना बदलतोय, हे पद राहणार नाही, असं सांगितलं. दुसरं काय सांगणार? त्या विचारत होत्या, माझं काय चुकलं. मी म्हटलं, चुकण्याचा प्रश्नच नाही, रचना बदलतेय.”

“कसं वाटतंय?” कोचबाईंनी विचारलं.

“हलकं,” तो म्हणाला, आणि ऐकणाऱ्या तिघींनाही ते खरं वाटलं.

खाटवालीला वाईट वाटलं. पण ते नुसतं वाईट वाटणं नव्हतं, आणि तिला स्वतःची शरम वाटली ती त्यासाठी. तिच्या विश्वस्तांनी हाताखाली माणूस नेमायची परवानगी कधीची दिली होती. आज करू, उद्या करू म्हणत ती जाहिरात तशीच राहिली होती. ती जाहिरात त्या सोमवारी निघाली. योगायोग म्हणायची सोय होती, आणि बाईने ती करून घेतली.

कॅप्टन मुलाखतीला आल्या त्या दिवशी गोदामात दोन चाकाच्या खुर्च्या दारातच अडकून पडल्या होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली, एक खुर्ची मिटवून बाजूला घेतली, दुसरीचा ब्रेक सोडला आणि आत येऊन बसल्या. पंचेचाळिशीच्या, उंच, आवाज भरदार. दहा मिनिटांत खाटवालीने मनात त्यांना नेमून टाकलं.

“एक विचारू?” कॅप्टन शेवटी म्हणाल्या. “तुम्ही आमच्या साहेबांना ओळखता ना? नव्या प्रमुखांचा तुमचा गट आहे, तिथे ते येतात, असं ते म्हणायचे.”

“ओळखते. तोंडओळख.”

“मला का काढलं, काही कानावर आलंय का तुमच्या? रचना वगैरे ठीक आहे. पण एवढी वर्षं केलेलं काम, असं कुणी उगाच काढत नाही. माझं काहीतरी चुकलंच असणार. काय ते कळलं असतं तर सुधारलं असतं.”

खाटवालीला उत्तर माहीत होतं. त्या माणसाच्या तोंडचं, शब्दाला शब्द. पण गटातलं गटातच.

“मला काही कल्पना नाही,” ती म्हणाली.

नियम पाळायला ‘मला सांगता येणार नाही’ एवढं पुरलं असतं. हे तिला कॅप्टन निघून गेल्यावर लक्षात आलं. तोवर खोटं बोलून झालं होतं.

कॅप्टन आल्या आणि गोदामाचं रूप पालटलं. खाटा पुसून, स्क्रू आवळून रांगेत लागल्या. फोन दुसऱ्या घंटीला उचलला जायला लागला. पण हळूहळू खाटवालीला एक गोष्ट दिसायला लागली, आणि एकदा दिसल्यावर ती सगळीकडे दिसू लागली. कॅप्टन प्रत्येक काम करून झालं की येऊन विचारत, “बरोबर आहे ना?”

एकदा एका घरून फोन आला. आई सकाळीच गेली, खाट आजच्या आज न्या, म्हणून मुलगा ओरडत होता. कॅप्टननी फोन घेतला. त्या त्याच्यावर चिडल्या नाहीत की त्याला नियम सांगत बसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, घरात कोण कोण आहे, काही खाल्लंत का. मग म्हणाल्या, “खाट नेतो आम्ही. पण आज ती खोली रिकामी बघवणार नाही तुम्हाला. उद्या सकाळी येऊ का?” पलीकडचा माणूस रडायला लागला आणि बरं म्हणाला. खाटवाली दारात उभी राहून ऐकत होती. हे असं आपल्याला सात जन्मांत जमलं नसतं, असं तिला वाटलं.

फोन ठेवून कॅप्टन वळल्या. चेहरा उतरलेला. “मी जास्त बोलले का? तुम्हाला विचारून बोलायला हवं होतं. बरोबर होतं ना?”

“बरोबर होतं,” खाटवाली म्हणाली.

“नक्की? चुकलं असेल तर लगेच सांगत जा हं. मागच्या ठिकाणी मला कुणी सांगितलंच नाही.”

संध्याकाळी कॅप्टनची धाकटी बहीण स्कूटरवर त्यांना न्यायला यायची. एके दिवशी कॅप्टन कुलपं लावत होत्या तेवढ्यात बहीण खाटवालीला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, हिला जरा धीर देत जा हो. घरी पण तेच चाललंय. भात शिजलाय का म्हणून मला विचारते. आधी अख्खी गल्ली हिला विचारून चालायची! तिथे काय घडलं देव जाणे. आतल्या आत खातंय तिला. तुम्हाला काही कळलं तर सांगाल ना?”

“सांगेन ना,” खाटवाली म्हणाली.

त्या दिवशी ती घरी जाऊन धड जेवली नाही. सासूबाईंनी विचारलं, “बरं नाही का गं?” आणि नेहमीप्रमाणे उलट प्रश्न न करता ती म्हणाली, “माझ्या हातून एक वाईट झालंय.” सासूबाई पुढे काही विचारतील म्हणून ती थांबली. पण त्यांनी सुनेला पहिल्यांदाच सरळ उत्तर देताना ऐकलं होतं, त्या घाबरल्या असाव्यात. त्यांनी तिच्या पानात आणखी थोडं वाढलं आणि दिवाणखान्यात जाऊन बसल्या.

स्वतःची समजूत घालण्यात खाटवाली पटाईत होती. मी काय केलं? एक प्रश्न विचारला. निर्णय त्याचा. मी काय केलं? जाहिरात दिली. अर्ज तिचा. मी गप्प का? नियम आहे म्हणून. एकेक गोष्ट वेगळी धरली की स्वच्छ निघायची, आणि सगळ्या एकत्र ठेवल्या की तिला स्वतःची किळस यायची. शिवाय एक गोष्ट तर ती स्वतःपाशीही पुरती बोलत नव्हती. कॅप्टनना खरं कळलं असतं, तर त्या पुन्हा पूर्वीसारख्या ताठ झाल्या असत्या. आणि अशी ताठ बाई या कोंदट गोदामात, या पगारात कशाला राहिली असती?

गटाच्या पुढच्या बैठकीला चष्मेवाल्याचा शर्ट पुन्हा चुरगळलेला होता.

“बुडालोय मी,” तो म्हणाला. “एका शाळेचे चष्मे दुसऱ्या शाळेत गेले. पोरांनी मुकाट्याने लावले, कुणाला कळलंच नाही. एक मुलगी जिन्यात पडली. नशीब, फार लागलं नाही. गाडी दोन वेळा फाटकात अडकली. आणि आता मीटिंगमध्ये मी बोललो की लोक कुणाकडेच बघत नाहीत. नुसते खाली बघतात.” त्याने डोळे चोळले. “चूक झाली माझी. कॅप्टनना परत बोलावणार आहे. पाया पडेन, पण बोलावीन. फोन उचलत नाहीत त्या.”

कोचबाईंनी विचारलं, “त्यांना बोलावताना काय सांगशील?” कुत्रेवालीने विचारलं, “आल्या तर खुर्ची देशील की पुन्हा केबिनमध्ये रडशील?” आणि या वेळी कोचबाईंनी तिला टोकलं नाही.

“तुझा प्रश्न?” त्यांनी खाटवालीला विचारलं.

समोरच्या आरशात खाटवालीला आपलं तोंड दिसत होतं, आणि ते तिला बघवेना. “माझा प्रश्न नाही,” ती म्हणाली. “त्या माझ्याकडे आहेत.”

“कोण?”

“कॅप्टन. माझ्याकडे कामाला आहेत. त्यानंतर लगेचच आल्या.”

“अगं बाई!” कुत्रेवाली म्हणाली.

चष्मेवाला आधी हसला. मग त्याचं हसू तोंडावरच राहिलं. “तू मला विचारलं होतंस,” तो हळू म्हणाला. “त्या असेपर्यंत तू प्रमुख होशील का. मी त्या एका वाक्यापायी आठवडाभर झोपलो नव्हतो.”

“हो.”

“तेव्हाच ठरवलं होतंस?”

“ठरवलं नव्हतं,” खाटवाली म्हणाली. “पण हव्याशा वाटल्या होत्या. तू बोलत होतास तेव्हाच.”

कोचबाईंनी डोळे मिटले नाहीत की मान हलवली नाही. त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, “मी त्या प्रश्नाला सुंदर म्हटलं होतं.” बाहेर नाचाच्या क्लासची मुलं जमायला लागली होती, दाराच्या फटीतून डोकावत होती.

खुर्च्या उचलताना खाटवालीने चष्मेवाल्याला गाठलं. “त्यांना कारण माहीत नाही. रोज स्वतःला खातायत. मला सांगता येत नाही, तुझं आहे ते. तू येऊन सांग.”

“तू मला शिकवू नकोस,” तो म्हणाला. मग हातातली खुर्ची भिंतीशी ठेवून म्हणाला, “येतो.”

तो येईपर्यंतचे दिवस तिला जड गेले. तो येऊ नये असंही तिला वाटे, आणि तसं वाटलं की पुन्हा शरम वाटे. तो आला. कॅप्टन त्याला बघून उभ्या राहिल्या, जुन्या सवयीने खुर्ची पुढे केली, आणि दोघं आत गोदामात गेले. खाटवाली बाहेर टेबलाशी बसून राहिली. आतून त्याचाच आवाज येत होता, अडखळत, बराच वेळ. मग एकदा कॅप्टन मोठ्याने हसल्या. ते भरदार हसू तिने याआधी कधी ऐकलं नव्हतं. तिला वाटलं, सुटले. नियमही राहिला आणि बाईलाही कळलं.

चष्मेवाला तिच्याकडे न बघता निघून गेला. कॅप्टन बाहेर आल्या. डोळे लाल होते, पण मान ताठ होती. त्यांनी बसायला खुर्ची ओढली नाही.

“त्यांनी सगळं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या प्रश्नाचंसुद्धा.”

“मी तुमची माफी मागते.”

“मागाल हो. पण थांबा. त्यांना मी म्हटलं, जाऊ द्या. माणूस घाबरला की असं करतो. त्यांच्याकडे काही मी परत जाणार नाही, पण राग नाही राहिला.” त्यांनी टेबलावरचं पेन सरळ केलं. “प्रश्नाचंही एक वेळ सोडून देईन. तुम्हाला माणूस हवं होतं, माणसाला हाव सुटते. पण मी पहिल्या दिवशी इथे बसून तुम्हाला विचारलं होतं, माझं काय चुकलं. नंतर रोज विचारत होते. माझ्या बहिणीने विचारलं.”

“कॅप्टन, आमचा नियम आहे. गटात जे बोललं जातं ते बाहेर सांगता येत नाही. माझा शब्द दिलेला होता.”

“कारण कुठे सांगायचं होतं तुम्हाला?” कॅप्टन म्हणाल्या. “त्यांचं नाव नाही, गटाचं नाव नाही, काहीच नाही. फक्त एवढं म्हणायचं होतं, तुमची चूक नव्हती. त्याने कुठला नियम मोडला असता?”

खाटवालीने नजर टेबलावरच्या पेनावर ठेवली.

“एवढं साधं,” कॅप्टननी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. “सुचलं नाही का हो तुम्हाला?”

नाही म्हणता आलं असतं. कॅप्टननी विश्वासही ठेवला असता. त्यांना ठेवायचाच होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“सुचलं होतं,” खाटवाली म्हणाली. “पहिल्याच आठवड्यात.”